हायवेकाठचं लॉन

१४ मार्च

आज सकाळी चहा पिता पिता मी सांगून टाकलं, की लॉनचं आता मी बघते. कोणी काही बोललं नाही, म्हणजे सगळ्यांना पटलं.

वडनेरातून हायवेला लागलं की डाव्या हाताला आमचा एकर. इतकी वर्षं तिथं वांगी, मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, निघाली. दिवाळीनंतर आमच्या हर्षलनं आणि सून अनुपमानं तिथं लग्नाचं लॉन केलं. पुढे कमान, एका बाजूला स्टेज, मागे स्वयंपाकाचं शेड आणि मधे सगळं गवत. ते गवत नर्सरीतून सतरंजीसारखं गुंडाळून ट्रकमधून आलं. आमचे हे गावभर सांगत फिरले की पोरानं गवत विकत आणलं, आणि गाव पोट धरून हसलं. हसू दे. पहिलं लग्न पंचवीस मेचं ठरलं आहे, रोहिणखेडच्या भागवतरावांच्या सुचिताचं.

खरी गोष्ट वेगळीच आहे. हर्षलला पुण्याच्या कंपनीतून बोलावणं आलं आहे, जूनमध्ये हजर व्हायचं. अनुपमा त्याला म्हणाली, एक उन्हाळा बघू. लॉन चाललं तर इथंच राहू, नाही चाललं तर जाऊ. हे मला हर्षलनंच सांगितलं. म्हणजे गवत जगलं तर पोरगं घरी, गवत मेलं तर पोरगं पुण्याला. एवढी मोठी गोष्ट मी सुनेच्या भरवशावर कशी सोडू? पोरगी चांगली आहे, पण खामगावच्या दुकानदाराची. तिनं वावर पाहिलं ते लग्नानंतर. मी मात्र पाच वर्षं सरपंच होते. अख्ख्या गावाला पाणी पाजलं, गवताला नाही पाजणार?

१७ मार्च

अनुपमाची पाणी द्यायची पद्धत पाहून मला हसू आलं. दोन दिवस काहीच नाही, मग तिसऱ्या दिवशी पहाटे उठून तासन् तास सोडायचं. म्हणे मुळं खोल जातात. मी म्हटलं, अगं, तुला तहान कधी लागते? भर दुपारी. मग गवताला काय पहाटे लागते? आजपासून रोज दुपारी एक वाजता मोटर. बोअरचं पाणी जरा मचूळ आहे, पण आम्ही त्याच पाण्यानं आंघोळी करून म्हातारे झालो.

ती काही म्हणाली नाही. ऐकणारी पोरगी आहे हो.

२३ मार्च

गवत वाढलं होतं, मी मशीन फिरवून बारीक करून घेतलं. अनुपमाचं म्हणणं होतं की उन्हाळाभर उंच राहू द्या, बुडाशी सावली राहते. मी म्हटलं, उन्हाळा लागला की आपण पोरांचे केस बारीक करतो की वाढवतो? हर्षल हसला. ती नाही हसली. तिला अलीकडे विनोद समजत नाहीत, ऊन बाधलं असेल. मी कैरीचं पन्हं करून दिलं.

१ एप्रिल

स्टेजपुढं बरंच गवत पिवळं पडलं आहे. घाबरायचं काही कारण नाही. पिवळ्या पिकाला काय लागतं हे मला कृषी खात्यानं शिकवायची गरज नाही. युरिया फेकला, चांगला मूठ भरभरून, आणि वरून पाणी. चार दिवसांत हिरवंगार होतं की नाही बघा.

६ एप्रिल

हिरवं झालं नाही. पिवळं होतं ते तांबडं झालं, आणि शेडच्या बाजूचंही गेलं. पायाखाली कुरकुर वाजतं. हे म्हणाले, लॉनच्या मातीवर मिठासारखं पांढरं आलेलं दिसतं. मी म्हटलं, तुमच्या चष्म्यावर धूळ आहे.

मला आता कारण समजलं आहे. हायवेनं दिवसभर इतक्या गाड्या जातात आणि जो तो मान वळवून बघतो. नजर लागणार नाही तर काय? कमानीला बिब्बा, लिंबू आणि मिरच्या बांधल्या. अनुपमा ते बघत उभी राहिली आणि मग एकदम आत निघून गेली. देवाधर्मावर आजच्या पोरींचा विश्वास नाही.

१० एप्रिल

सध्या सगळीकडे नांगरटी चालू आहेत. अनुपमा पहाटेच कुठंतरी जाते आणि पोतं भरून काहीतरी आणते. आज तिच्या हातावर ओरखडे दिसले. मी विचारलं, पोत्यात काय? ती म्हणाली, मातीचं सामान आहे. शेणखत असेल. लॉनवर उकिडवी बसून दोन दोन तास काय करते देव जाणे. पण करू दे, पोरीचा जीव रमतो आहे. मोटर आणि औषधपाणी माझ्याकडे असलं म्हणजे झालं.

संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, आई, थोडं बोलायचं होतं, लॉनबद्दल. मी तेव्हा महिला बचत गटाच्या फोनवर होते. हातानंच थांब म्हटलं. फोन संपेपर्यंत ती उठून गेली होती. मी हाक मारली तर आतून आवाज आला, राहू द्या.

१५ एप्रिल

पारा त्रेचाळीसवर. मधोमधचं गवत गेलं ते गेलंच. कडेकडेनं मात्र जरा हिरवं दिसतं आहे लांबून. बघा, मी म्हटलं नव्हतं? नजर उतरली.

१९ एप्रिल

आज जे पाहिलं त्यानं माझं डोकंच फिरलं.

अनुपमा मामेबहिणीच्या साखरपुड्याला खामगावला गेली आहे, हर्षलही तिच्याबरोबर, दोघं परवा येतील. मी सकाळी लॉनवर गेले, कडेचं हिरवं जवळून बघावं म्हणून खाली वाकले. गवत कसलं? हराळी. मेलेल्या गवताच्या जागेत जिकडे तिकडे हराळी. शेतकऱ्याचा याच्याहून मोठा वैरी नाही. तिच्या मुळाचा तुकडा, बोटभर काशी, मातीत राहिली तरी पावसाळ्यात वावर खाऊन टाकते. लग्न झालं त्या वर्षापासून मी काशा वेचत आले, हाताला घट्टे पडले. सरपंच असताना हराळीमुक्त बांधावर ग्रामसभेत भाषण केलं, टाळ्या पडल्या. आणि ही बया माझ्याच लॉनमध्ये शिरली, सुनेची पाठ फिरली तेवढ्यात.

लगेच आमच्याकडे निंदणीला येणाऱ्या चांगुणेला निरोप दिला. ती चार बायका घेऊन आली. पदर डोक्यावर घेऊन मीही बसले त्यांच्याबरोबर. खुरप्यानं खोल जाऊन एक एक काशी काढली. मधेच चांगुणा म्हणाली, "बाई, हे तं वळीनं लागेल हाय. हराळी काय अशी वळीत येते?" मी म्हटलं, तुले चष्म्याचा नंबर काढा लागते. बायका हसल्या आणि काम पुढं गेलं.

उद्या राहिलेलं संपवू.

२० एप्रिल

एक काशी ठेवली नाही. सगळा ढीग बांधावर नेऊन पेटवला. लॉन आता तव्यासारखं स्वच्छ दिसतं. कंबर मोडली, पण जिवाला किती बरं वाटलं. बायकांना चहा आणि चिवडा दिला. अनुपमा आल्यावर बघेल आणि म्हणेल, आई, तुमच्याकडूनच शिकावं.

२१ एप्रिल

अनुपमा आणि हर्षल दुपारच्या बसनं आले. ती फाटकातून आत आली आणि बॅग हातातच धरून उभी राहिली. मी पडवीतून हाक मारली की ऊन आहे, आत ये. ती बऱ्याच वेळानं आली. जेवली नाही. मी मुद्दाम कढी केली होती, तीही नाही घेतली. मग कपाट उघडून तिची सर्टिफिकेटं काढली, पुसली, प्लास्टिकच्या पिशवीत नीट घातली. फार टापटिपीची पोरगी आहे, एवढ्या उन्हातून येऊनही आवराआवर सुचते.

२२ एप्रिल

लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते.

सकाळी हर्षल माझ्यासमोर येऊन बसला. त्याचा चेहरा पाहून मी भाजी निवडायची थांबवली. तो म्हणाला, "आई, तू काय केलं ते तुले माहीत हाय का? ते हराळी तिनं लावली होती."

मला आधी कळलंच नाही. हराळी कोणी लावतं का? त्यानं सगळं सांगितलं. नर्सरीचं गवत आपल्या उन्हात आणि आपल्या मचूळ पाण्यात जगणार नाही, हे अनुपमाच्या मार्चमध्येच लक्षात आलं होतं. या मातीत एकच गवत मरत नाही. म्हणून ती पहाटे लोकांच्या नांगरटीमागं जाऊन काशा वेचायची आणि एक एक तुकडा हातानं लावायची. माझ्या मोटरीच्या आधी पहाटे पाणी द्यायची. फुटवे फुटले होते. पंचवीस मेपर्यंत भरलं असतं. मी यांच्याकडं पाहिलं. हे म्हणाले, "मले वाटलं तुले माहीत हाय." माणसानं एवढं तरी बोलावं की नाही?

दिवसभर मी मनातल्या मनात भांडत होते. सगळ्या वऱ्हाडात कोणत्या सासूला सुचलं असतं की सून हराळी लावते आहे म्हणून? चूक माझी कशी? संध्याकाळी तिच्या खोलीच्या दारात गेले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी जरा चढ्या आवाजातच म्हटलं, मले काऊन नाही सांगितलं?

ती म्हणाली, "सांगितलं असतं तर लावू दिलं असतं तुम्ही?"

मग तिनं घडी घातलेली ओढणी पुन्हा उलगडली आणि म्हणाली, "या घरात सगळं तुमचं चालते आई, मले काही म्हणायचं नाही. एवढं एक काम माझं होतं."

मला उत्तर सुचलं नाही. हे मी पहिल्यांदाच लिहिते आहे.

२३ एप्रिल

रात्रभर तळमळले आणि सकाळी ठरवलं. रडत बसणं मला जमत नाही. हराळी मी काढली, हराळी मीच आणते. ट्रॅक्टर ट्रॉली घेतली आणि ज्याची ज्याची नांगरटी चालू होती त्याच्या वावरात जाऊन उभी राहिले. म्हटलं, तुमच्या काशा मला द्या. लोकांना वाटलं बाईला ऊन लागलं. एकानं भाषणाची आठवण काढली. दुसरा म्हणाला, सरपंचबाई, अजून पाहिजे तर पुढच्या वर्षीचीही तुमचीच. मी सगळं ऐकून घेतलं. हसणाऱ्या माणसाचा हात सढळ असतो, बांधावर टाकलेलेही ढीग त्यांनी भरून दिले. संध्याकाळपर्यंत दोन ट्रॉल्या झाल्या.

काशा सावलीत टाकून वर ओलं बारदान झाकलं आणि अनुपमाला हाक मारली. ती आली. ढीग पाहिला. मी म्हटलं, "कशी लावायची ते सांग. तू सांगशील तसं करतो."

तिनं एकदा घराकडं पाहिलं. मला वाटलं आता ही आत जाऊन बॅग भरते. मग तिनं खाली बसून एक काशी उचलली, नखानं सोलून आत ओली आहे का ते पाहिलं आणि म्हणाली, उद्या पहाटे दोरी लागेल.

२४ एप्रिल

चांगुणा आणि तिच्या बायका पुन्हा आल्या. परवा काढलेलं आज लावायचं म्हणून त्यांची थट्टा थांबत नाही. अनुपमानं दोरी बांधली, वीतभर अंतरावर ओळी पाडल्या. मला शेवटच्या ओळीत बसवलं. दोनदा माझ्याजवळ येऊन म्हणाली, आई, फार खोल गेली, कोंबाचा एक डोळा वर राहू द्या. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा तोंडावर आलं होतं की तुझ्या जन्माआधीपासून मी लावणी करते. गिळलं. तिखट लागलं, पण गिळलं.

५ मे

काहीच दिसत नाही. पारा पंचेचाळीसवर. पाणी आता फक्त पहाटे आणि दिवस बुडताना, मुळं धरेपर्यंत थोडं थोडं, असं तिनं सांगितलं आहे. तेही बोअरचं नाही, शेततळ्यातलं. आमच्या भेंडीचं पाणी तोडून यांनी ते लॉनला दिलं आणि माझ्याजवळ कुरकुर केली. सुनेजवळ नाही केली. दुपारी एक वाजता हात शिवशिवतो. आज मोटरीच्या खोलीपर्यंत गेलेही, पण बटणाला हात न लावता परत आले.

पुण्याच्या कंपनीचा हर्षलला आज फोन आला होता. तो बोलत बोलत बाहेर गेला. मी कान देऊन ऐकायचा प्रयत्न केला, पण कूलरच्या आवाजात काही कळलं नाही.

१२ मे

फुटली. पहाटे पाणी देताना अनुपमानं हाक मारली. तिच्या ओळीत, चांगुणेच्या ओळीत, सगळीकडे बारीक हिरवे धागे जमिनीवरून सरकत आहेत. ज्या गोष्टीला आयुष्यभर शिव्या दिल्या ती उगवली म्हणून मी देवापुढं साखर ठेवली. हे बघून हसत होते. यांना हसायला काय जातं.

माझ्या ओळीत अजून काही नाही. खोल गेली असावी.

२० मे

भागवतराव बघायला आले. निम्मं हिरवं, निम्मं अजून माती. त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्या भावानं नांदुऱ्याच्या एका हॉलचं नाव काढलं. भागवतराव माझ्याकडे वळून म्हणाले, सरपंचबाई, पाच दिवसांत होईल का पूर्ण? शंभर टक्के होईल असं माझ्या ओठांवर आलंच होतं. इतक्यात अनुपमा म्हणाली, "नाही काका, पूर्ण नाही होणार. स्टेजपुढं आणि पंगतीच्या बाजूनं होईल. बाकीच्या जागेत मंडप येतो, तिथं मॅटिंग टाकून देते."

गिऱ्हाइकाला असं कोणी सांगतं का? वाटलं, गेलं लग्न, गेलं लॉन, गेलं पोरगं. भागवतराव मिशीवरून हात फिरवत उभे राहिले. मग म्हणाले, चला, निदान खरं तरी सांगते ही. तुमचं नक्की धरतो. मी आत जाऊन घटाघटा पाणी प्याले.

२५ मे

लग्न लागलं. उद्या लिहीन, पाय चालत नाहीत.

२६ मे

अनुपमानं मला एकच काम दिलं होतं. शेडच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसायचं आणि आचाऱ्याला भाताचं गरम पाणी गवतावर फेकू द्यायचं नाही. बसले. बारा लोक येऊन म्हणाले, सरपंचबाई, तुम्ही इथं काऊन? मी म्हटलं, ड्युटी आहे. एका पोरानं टोप उचललाच होता, त्याला असं झापलं की तो टोप घेऊन थेट रस्त्यापलीकडं गेला.

ऊन उतरल्यावर वऱ्हाड आलं. रोहिणखेडच्या म्हाताऱ्या बायकांनी गवतावर चपला काढल्या आणि खुर्च्या सोडून खालीच बसल्या. सुचितानं स्टेजवरून उतरून अनवाणी फोटो काढले. भागवतराव व्याह्यांना घेऊन माझ्याकडं आले आणि म्हणाले, "या आमच्या सरपंचबाई. एवढ्या उन्हात ही हिरवळ यांनी केली."

व्याह्यांनी हात जोडले. अनुपमा चार पावलांवर फुलवाल्याचा हिशोब करत होती, तिची पाठ आमच्याकडं होती. कौतुक मला आवडतं, लपवून काय उपयोग. पण तोंडातून निघालं ते असं, "मी नाही जी. मी तं उपटून जाळली होती. तिनं लावली."

व्याह्यांना काही समजलं नाही. अनुपमाची पाठ तशीच राहिली, फक्त हिशोबाचं पेन थांबलं.

२७ मे

आज घर उशिरा उठलं. मी पडवीत लसूण सोलत होते आणि अनुपमा पायरीवर बसून फोनवर बोलत होती. मलकापूरकडचं कोणीतरी होतं, परवाच्या लग्नात जेवून गेलेलं. ती म्हणाली, हो, डिसेंबरची तारीख आहे. हो, तेव्हा तर पूर्ण भरलेलं असेल. नाही नाही, तुम्ही कधीही या, मी इथंच असते.

मला न विचारता तिनं तारीख देऊन टाकली. मी लसूण सोलत राहिले. पुण्याचं काय झालं ते मी तिला विचारलं नाही, हर्षललाही विचारलं नाही. सर्टिफिकेटांची पिशवी टेबलावर होती ती कुठं गेली तेही पाहिलं नाही. मला इतका आनंद झाला होता की बोलले असते तर रडले असते, आणि सकाळी सकाळी रडणं मला शोभत नाही.

फोन ठेवून ती उठली, आळस दिला आणि म्हणाली, आई, दिवस बुडताना पाणी तुम्ही सोडा आज, मी जरा पडते.

मी म्हटलं, किती वेळ सोडू?

ती दारातून मागे वळली. "तुम्हाले माहीत आहे ना," म्हणाली, आणि आत गेली.

संध्याकाळी मी पाणी सोडलं आणि गवत भिजेपर्यंत तिथंच उभी राहिले.